शनिवार तेली, तेलाच्या देशात



आपल्या समाजाच्या कामधंद्याचा इतिहास लिहिताना आपण नेहमी त्याच पायऱ्या चढतो. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, मग घाण्याचे तेली, मग कंपनी सरकारच्या पलटणीतले सुभेदार, मग मिस्त्री, रेल्वे, गोदी, सचिवालयातले कारकून. बायकांचा विषय निघाला की शिक्षिका आणि नर्सेस, आणि सगळ्यांच्या वर डॉ. जेरुशा झिराड. त्यानंतर सगळे विमानात बसून इस्रायलला गेले, आणि इतिहास संपला.

मधे एक पायरी राहते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आणि पुढेही आपली काही मंडळी आखातात गेली. फार नव्हती, पण होती. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण तिथे असताना त्यांनी स्वतःबद्दल फारसं बोलायचंच नाही असं ठरवलेलं होतं. आम्ही दोघं त्यांतलेच. ओमानमध्ये हे पंचवीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते, आणि त्यांतली बावीस वर्षं आम्ही तिथल्या सरकारी इस्पितळात नर्स. आता दोघंही घरी बसलो आहोत, तेव्हा लिहून टाकतो.

आधी काम काय ते सांगितलं पाहिजे, कारण आपल्या घरांत 'इन्स्ट्रुमेंट' म्हटलं की कोणाला पेटी आठवते, कोणाला ऑपरेशनची कात्री. यांनी आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला. समाजातल्या बऱ्याच पोरांनी त्याआधी मुंबईत ओआरटी संस्थेत सुतारकाम, वायरमनचं काम शिकून घेतलं होतं, पण हा ट्रेड तेव्हा नवा होता. घरच्यांना तो घड्याळ दुरुस्तीसारखा काहीतरी वाटला. मग थळ-वायशेतला खताचा कारखाना उभा राहिला, आणि १९८५च्या सुमारास तिथे उत्पादन सुरू झालं तेव्हा हे तिथे नोकरीला होते. नकाशा काढून पाहा: थळच्या वर लगेच नवगाव. जिथे आपले वाडवडील पाण्यातून वर आले आणि जिथे बुडालेल्यांना पुरलं असं आपण सांगतो, तिथून अमोनियाचा मनोरा दिसतो. यांचं सगळं शिक्षण त्या मनोऱ्याखाली झालं.

कारखान्यात तेल, वायू, वाफ, पाणी सगळं बंद नळांतून आणि बंद टाक्यांतून फिरतं. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. दाब किती, तापमान किती, पातळी किती, प्रवाह किती हे यंत्रं सांगतात, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस त्या आकड्यांवर विश्वास ठेवून झडपा उघडतो, बंद करतो. आकडा खोटा असेल तर तो माणूस आंधळा. आकडा खरा ठेवणं हे इन्स्ट्रुमेंटवाल्याचं काम. आम्हाला नर्सेसना हे लगेच कळतं. पेशंटच्या पोटात काय चाललंय ते आम्हालाही दिसत नाही. थर्मामीटर, बीपीचं यंत्र, लघवीचं माप, यांच्यावरच सगळं चालतं.

लग्नानंतर पहिल्या वर्षीच यांनी आमचं बीपीचं यंत्र हातात घेतलं. घड्याळासारख्या तबकडीचं, स्प्रिंगवर चालणारं. वॉर्डातला पाऱ्याचा उभा बीपी मागून आणायला सांगितला, टी-जोडणीने दोन्ही एका पंपाला लावले आणि हवा भरत गेले. पारा शंभरावर, तबकडी एकशे आठवर. "किती वर्षं असंच बघतेस?" म्हणाले. आम्ही गप्प. कितीतरी पेशंटना मीठ बंद करायला लावलं होतं.

यांच्या धंद्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. यंत्रापासून कंट्रोल रूमपर्यंत तारेतून जो विजेचा संकेत जातो तो चार ते वीस मिलीअँपिअरचा असतो. टाकी रिकामी तर चार, पूर्ण भरली तर वीस. आम्ही विचारलं, रिकामी असताना शून्य का नाही? तर म्हणाले, शून्य ठेवलं तर टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे हे कळणार कसं? चार म्हणजे 'मी जिवंत आहे, सांगायला काही नाही'. शून्य म्हणजे मेलेला. तपासणी करतानाही चार, आठ, बारा, सोळा, वीस अशी चढत आणि मग उतरत पाच ठिकाणी करायची, कारण काही यंत्रं चढताना खरं बोलतात आणि उतरताना खोटं. वॉर्डात अशी माणसंही आम्ही पाहिली.

१९८९ साली मुंबईतल्या एका एजंटमार्फत ओमानची नोकरी आली. पगार इथल्या सहापट. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी पाळण्यात, ठाण्याच्या घराचे हप्ते. व्हिसाचा अर्ज एजंटच्या माणसाने इंग्रजीत टाइप केला आणि सहीला पुढे सरकवला. धर्माच्या रकान्यात त्याने 'हिंदू' असं लिहून टाकलं होतं. आपलं आडनाव गावावरून, शेवटी 'कर', त्याने विचारलंही नाही. यांनी बोट ठेवून सांगितलं, हे चुकलंय. तो माणूस वर न पाहता म्हणाला, "साहेब, खरं लिहिलं तर काय होईल मला माहीत नाही. असं लिहिलं तर काय होईल ते माहीत आहे. रांगेत मागे चाळीस जण आहेत." यांनी सही केली.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ओमानी माणसाने आम्हाला पंचवीस वर्षांत कधी वाकडा शब्द बोलला नाही. भीती होती ती कागदाची, आणि ती बरीचशी आम्हीच मुंबईहून बॅगेत घालून नेली होती. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, त्या किनाऱ्याला यहुदी माणूस नवा नव्हता. सोहार बंदरातला इसहाक नावाचा यहुदी व्यापारी हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जाऊन इसवी सन ९१२च्या सुमारास अफाट संपत्ती घेऊन परतला, ही गोष्ट अरबी खलाशांच्या जुन्या ग्रंथात आहे. त्यानंतर तीन-चार वर्षांनी मसूदी हा प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला आणि तिथे ओमानची, बसऱ्याची माणसं वस्तीला आहेत असं लिहून गेला. १८३५ साली वेलस्टेड हा इंग्रज अधिकारी मस्कतला गेला, तेव्हा बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमाने पळून आलेली यहुदी कुटुंबं त्याला तिथे भेटली. त्याच जुलमामुळे डेव्हिड ससून मुंबईला आले. एकाच आगीतून निघालेली माणसं, काही मस्कतला उतरली, काही पुढे आली. १९७० पर्यंत तर तिथे रुपयाच चालत होता, आणि आजही रियालचे हजार भाग होतात त्यांना 'बैसा' म्हणतात. आपलाच पैसा.

तर अशा ठिकाणी हे गेले आणि तेलाच्या कामाला लागले. ओमानात १९६२ साली यिबालला तेल सापडलं, १९६४ला फहूदला, आणि २७ जुलै १९६७ रोजी पहिलं जहाज भरून गेलं. तेल वाळवंटात आणि बंदर मस्कतजवळ, मधे डोंगर ओलांडून नळ टाकलेला. हे ज्या कंत्राटदाराकडे होते त्याची माणसं आतल्या वाळवंटात कॅम्पवर राहत. पहाटे साडेचारला उठायचं, बसने जायचं, परवाना हातात आल्याशिवाय एका नटलाही हात लावायचा नाही. उन्हाळ्यात लोखंड इतकं तापे की हातमोज्याशिवाय पाना धरता येत नसे. छातीवर वायूचं यंत्र अडकवलेलं. हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो वाढला की आधी नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला. म्हणून नाकावर नाही, यंत्रावर भरवसा. ते यंत्र तपासणारे हेच.

सुट्टी गुरुवारी-शुक्रवारी. आठवड्याचा पहिला कामाचा दिवस शनिवार. यातली गंमत यांना पहिल्याच महिन्यात कळली आणि त्यांनी पत्रात लिहिली. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. पणज्याने शनिवारी बैल जुंपला नाही, आणि पणतू दर शनिवारी पहाटे साडेचारला तेलाच्या कामावर. "तेली राहिलो, शनिवार गेला," असं लिहिलं होतं. ते पत्र आमच्याकडे आहे.

१९९२ला आम्हाला तिथल्या आरोग्य खात्यात नर्सची जागा मिळाली आणि मस्कतला बिऱ्हाड झालं. मुलं इंडियन स्कूलमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी पडदे ओढून दिवा लावायचा, मनुका भिजवून कुस्करून शरबत करायचं. मनुका तिथे उत्तम मिळायच्या. मटण खायचं सोडलं होतं, मासळीवर भागलं. सुरमईला तिथे कनअद म्हणतात, बाजारात हाताएवढी मिळे. कोलंबी स्वस्त होती, शेजारीण वाटी भरून पाठवायची, आणि आम्ही 'अॅलर्जी आहे' म्हणून परत करायचो. मराठी मंडळींच्या गणपतीला जायचो, आरतीला टाळ्या वाजवायचो. शेजाऱ्यांना आम्ही देवाधर्माचं फारसं न करणारे कोकणातले लोक वाटत होतो. वर्षातून एकदा मलिदा करायचो. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं, ताट तेच, पण हन्नाबीचं नाव हलक्या आवाजात. मुलीने एकदा विचारलं, एलियाहू हन्नाबीला ऐकू कमी येतं का, म्हणून मोठ्याने म्हणायचं की आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून हळू?

इस्रायलची पत्रं ठाण्याला वहिनींकडे यायची, त्या नवीन पाकिटात घालून पुढे पाठवायच्या. डिसेंबर १९९४ला राबिन मस्कतला येऊन गेले ही बातमी आली, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून राहिलो, आवाज लहान करून. त्यानंतर १९९६ला इस्रायलचं व्यापारी कार्यालयही उघडलं, २०००च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं. तेवढ्या चार वर्षांत आम्हाला कितीदा वाटलं की जाऊन रकाना दुरुस्त करावा. पण दुरुस्त करायचा म्हणजे आधी चूक होती असं सांगायचं, आणि चूक होती तर सही कोणाची?

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

सालाची शटडाऊन संपत आली होती. शटडाऊन म्हणजे सगळा प्लांट बंद करून उघडायचा, तपासायचा, पुन्हा लावायचा. बंद प्लांटचा प्रत्येक तास पैशाचा असतो, त्यामुळे शेवटच्या रात्री सगळे एकमेकांच्या मानगुटीवर. एका मोठ्या विभाजक टाकीची पातळी दाखवणारं यंत्र यांच्या वाट्याला होतं. अशा यंत्राला दोन बारीक नळ्या असतात. एक टाकीच्या तळाला, दुसरी टाकीच्या माथ्यावरून खाली आणलेली, मुद्दाम ग्लायकॉलने भरून ठेवलेली. दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावरून पातळी कळते. भरलेली नळी गळून रिकामी झाली तर त्या बाजूचं वजन जातं, आणि यंत्राला वाटतं टाकीतलं तेल वर आलंय. पडद्यावर साठ टक्के, आत प्रत्यक्षात वीस. मग झडप आपोआप उघडते, तेल सोडत जाते, तेल संपलं की मागून उच्च दाबाचा वायू पुढच्या हलक्या टाकीत घुसतो. ती टाकी त्या दाबासाठी बनलेलीच नसते.

आम्हाला हे समजावताना यांनी सलाइनची बाटली आणि आमचा सीव्हीपीचा मॅनोमीटर वापरला. जुन्या नर्सेसना आठवेल, पाण्याचा तो स्तंभ, त्याचं शून्य पेशंटच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या पातळीला धरायचं, चौथ्या फासळीच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेवर. पलंग कोणी वर केला आणि शून्य पुन्हा लावलं नाही, की पुढचे सगळे आकडे सुरेख अक्षरात चुकीचे. त्यावर डॉक्टर सलाइन वाढवणार किंवा थांबवणार.

त्या रात्री पडद्यावर साठ होते आणि टाकीच्या बाजूच्या काचेच्या नळीत तेल खाली. सुपरवायझर म्हणाला, काच तुंबली असेल. यांनी काच रिकामी करून पुन्हा भरू दिली. पातळी तिथेच आली. तो म्हणाला, यंत्र नवीन आहे, काच जुनी आहे, सही कर. रात्रीचे अकरा. हे म्हणाले, माथ्याची नळी भरून बघितल्याशिवाय नाही. तो म्हणाला, सही कर नाहीतर उद्या सामान बांध. यांनी तपासणीच्या कागदावर सहीच्या जागी 'स्वीकारलेलं नाही' असं लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली. मग दुसऱ्याला मान्य करावंच लागलं, कारण तसा कागद फाडता येत नाही. मचाण लावून वर गेले, तर माथ्यावरच्या जोडातलं फेरूल नीट बसलेलं नव्हतं, ग्लायकॉल थेंबथेंब गळून गेलेलं. जोड बदलला, हातपंपाने नळी भरली, शून्य लावलं. पडद्यावर बावीस टक्के. प्लांट चार तास उशिरा सुरू झाला.

कोणी पाठ थोपटली नाही. दोन आठवड्यांनी यांची बदली आणखी आतल्या, लांबच्या साइटवर झाली आणि त्या वर्षीची पगारवाढ आली नाही. कारण कागदावर कुठेच नव्हतं. मुलाची कॉलेजची फी तोंडावर होती. आमच्या पाटल्या गेल्या.

हे सुट्टीवर घरी आले तेव्हा त्यावरून घरात शब्दाला शब्द लागला. कोणी कोणाला काय म्हटलं ते वाटून लिहीत नाही, दोन्ही वाक्यं आमचीच. एक होतं: "त्या कागदावर सही केली नाही म्हणून आता पाटल्या विकायच्या, आणि व्हिसाच्या कागदावर मात्र सही झाली." दुसरं होतं: "ती टाकी फुटली असती तर माणसं मेली असती. आमच्या रकान्याने कोण मेलं?" त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मुलगी आतून ऐकत होती हे आम्हाला फार नंतर समजलं. २००३ला दिमोनाला यांच्या मोठ्या बहिणी वारल्या आणि पासपोर्टवर शिक्का नको म्हणून आम्ही गेलो नाही, तेव्हा ते दुसरं वाक्य परत कोणी उच्चारलं नाही.

लांबच्या साइटवर यांना शिकाऊ म्हणून एक ओमानी पोरगा दिला. बातिना किनाऱ्याकडचा, मूळ बलुची घरातला, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. यांना तो 'उस्ताद' म्हणे. तेव्हा सरकार म्हणत होतं की तंत्रज्ञ ओमानी हवेत, आणि बऱ्याच भारतीय मंडळींना वाटे की पोराला शिकवलं तर आपलीच खुर्ची जाईल, म्हणून अर्धवट शिकवायचे. यांनी त्याला सगळं शिकवलं. फेरूल कसं बसवायचं इथपासून. आम्ही विचारलं, अहो, भीती नाही वाटत? म्हणाले, तो चुकीचं यंत्र लावून ठेवेल आणि त्याच्या खाली मी उभा असेन, त्याची जास्त वाटते.

दारफाळणीचा दिवस आला की हे कामावर जात, सुट्टी मागायला कारण काय सांगणार? पण पाणीही प्यायचे नाहीत. त्या उन्हात. नर्स म्हणून आम्हाला ते मुळीच पसंत नव्हतं, पण ऐकतो कोण. पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला. हे म्हणाले, "आज रोजा है." आता आपल्या बेने इस्राएल घरांत उपासाला रोजाच म्हणतात, बिरड्याचा रोजा, नव्याचा रोजा. यांच्या तोंडून सहज गेलं. पोरगा थबकला. "उस्ताद, रमजान तो नहीं." "ये मेरा वाला है." त्याने बाटली ठेवली, आणि त्या दिवशी उन्हातली सगळी कामं स्वतः केली. संध्याकाळी तीन तारे दिसेपर्यंत थांबला आणि खजूर घेऊन आला. पुढच्या प्रत्येक वर्षी, हे नक्की कोणत्या दिवशी ते त्याला आधी कळत नसे, पण सकाळी यांनी चहा नाकारला की तो समजायचा.

मग २०१३ साली १ मेपासून ओमानने साप्ताहिक सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवार केली. जगातल्या बँकांशी जुळावं म्हणून. आमच्या घरात मात्र वेगळंच झालं. ४ मे, पहिला शनिवार. हे तेव्हा मस्कतच्या वर्कशॉपला आले होते, निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. सवयीने साडेचारला उठले, दाढी केली, बूट काढून ठेवले होते त्यांच्याकडे बघत गॅलरीत बसले. चहा झाला. पेपर वाचून झाला. नऊच्या सुमारास म्हणाले, "काय करतात गं शनिवारी?" आम्ही म्हटलं, काही करत नाहीत. दुपारपर्यंत जमलं. मग कोणी बघत नाही असं पाहून आमच्या बीपीच्या यंत्राचा स्क्रू सैल करत बसले.

२०१४ला परत आलो. ठाण्याला आहोत, उन्हाळ्यात अलिबागला जातो. ज्यांच्या घरी आखातातली जुनी ओळखपत्रं, कॅम्पवरची पत्रं, फोटो असतील, त्यांनी ती फेकू नका, आम्हाला कळवा. धर्माच्या रकान्यात काय लिहिलं होतं तेही बघा.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये इस्रायलचे पंतप्रधान मस्कतला जाऊन आले, आणि दोनच दिवसांत तो पोरगा, आता चाळिशीतला, कंट्रोल रूमचा साहेब, त्याचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली. मग म्हणाला, "उस्ताद, वो रोजा. वो इन लोगों वाला था ना?" हे क्षणभर थांबले आणि हो म्हणाले. "मुझे मालूम था," तो म्हणाला. "पहिल्या वर्षीच आजोबांना विचारलं होतं." मग दोघं अर्धा तास बोलत होते, आणि आम्ही कान देऊन ऐकलं, तर विषय एका टाकीचा होता, जिचं यंत्र दुपारी पाच टक्के जास्त दाखवायचं आणि रात्री बरोबर. यांनी विचारलं, माथ्याच्या नळीवर ऊन येतं का? तो म्हणाला, उद्या बघून सांगतो.